सगळ्यांनी एकच सांगायचं

जनगणनेची मोजणीवाली बाई येणार म्हणून आप्पासाहेबांनी सकाळी सकाळीच सगळ्या घराची तोंडी परीक्षा घेतली. सगळं घर म्हणजे तरी काय, मुलगा करण, मुलगी मोनिका आणि बहीण चांगुणा. बायको पोरं लहान असतानाच गेली होती. तिघांना ओट्यावर उभं करून ते स्वतः खुर्चीत बसले.

"जात कोन्ती?"

"कुणबी," मोबाईलमधून डोकं न काढता करण म्हणाला.

"मोनिका?"

मोनिका नगरला सावेडीत एका मेडिकल दुकानात कामाला होती, पण आज बापानं तिला सुट्टी टाकायला लावली होती. "कुणबी," ती म्हणाली. तोंडात कडू गोळी धरावी तसं तिचं तोंड झालं होतं.

"चांगुणा, तू?"

"मला म्हाईतीय," चांगुणा म्हणाली.

"म्हाईतीय न्हाई. तोंडानं म्हन."

"बाई आल्यावं म्हनीन की. आतापास्नं कशाला घसा कोरडा करू?"

आप्पासाहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी सोडून दिलं. बहीण आजवर कधी त्यांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती.

आता या माणसाची गंमत बघा. मागं एकदा जातीची अशीच मोजणी झाली होती, करण-मोनिका दप्तरं घेऊन शाळेत जायची तेव्हा. त्या वेळी गावातलेच एक गुरुजी लिहायला आले होते. आप्पासाहेबांनी छाती काढून "मराठा" सांगितलं, आणि वर "शहाण्णव कुळी लिवा" म्हणून हट्ट धरला. गुरुजी म्हणाले, तेवढी जागा नाही. तर हे म्हणाले, "मग भाईर लिवा. पन लिवा." चहाचे दोन कप होईपर्यंत गुरुजींची सुटका झाली नव्हती. आणि त्यांच्या आधी, त्यांची आजी बनुबाई, दिवसभर वावरात राबणारी, कुणी विचारलं तर सरळ सांगायची, "आमी कुणब्याची मानसं." तिला त्यात कमीपणा वाटला नाही. बनुबाईचा मुलगा कधीतरी मराठा झाला, कोणत्या दिवशी झाला ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्याचा मुलगा शहाण्णव कुळी झाला. आणि आता बनुबाईच्या पणतवासाठी सगळं घर पुन्हा कुणबी होणार होतं. घर जिथल्या तिथं, विहीर जिथल्या तिथं, आणि जात मात्र कधी इकडं कधी तिकडं.

कारण होतं करणचं. पोरगा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यावर पळत होता. भावकीतल्या एकाची जुनी नोंद सापडली, तिच्यावर करणला कुणब्याचा दाखला मिळाला. पण त्याची पडताळणी अडकून पडली होती. अशात कट्ट्यावर कुणीतरी आप्पासाहेबांच्या डोक्यात भरवलं, की पडताळणीवाले जनगणनेत काय सांगितलं ते ताडून बघतात, आणि घरातल्या एकानं जरी वेगळं सांगितलं तरी दाखला रद्द. असं कुठंही नव्हतं. पण ज्या गोष्टीची भीती बसते ती माणूस आधी खरी मानतो आणि मग ऐकतो, तसं त्यांचं झालं होतं.

आणि त्या भीतीवरच चांगुणानं आपला बेत बांधला होता.

ती वीस-एकवीस वर्षांची होती तेव्हा गावच्या शाळेवर अकोल्याकडचे एक गुरुजी आले होते, हनुमंत नावाचे. बोलायला मऊ, अंगानं शेलाटे. त्यांच्याकडून मागणी आली. वडील तयार झाले, सुपारी फुटली, चांगुणाला हिरवं नेसवून पाटावर बसवलं, बायकांनी ओटी भरली. मग कुणीतरी आप्पासाहेबांच्या कानाला लागलं, की गुरुजींना नोकरी मिळाली ती कुणब्याच्या दाखल्यावर. आप्पासाहेब तेव्हा ऐन तिशीत, मिशीला पीळ भरून फिरणारे. "कुणब्याच्या दारात भैन दिली तर उद्या भावकी मला पंगतीला बसवंल का?" असं म्हणून त्यांनी सोयरीक मोडली. वडिलांनी चांगुणाला विचारलं होतं, तुझं काय म्हणणं. ती म्हणाली होती, "दादा म्हनतील ते."

सुपारी मोडलेल्या पोरीला मग बिजवरांचीच स्थळं येतात. तिला कर्जतकडच्या एका घरी दिली. कुळी अगदी हवी तशी होती, फक्त घरात दाणा नव्हता आणि नवरा दिवसाढवळ्या पिऊन पडायचा. तो मेला तेव्हा दिरांनी तिला माहेरच्या एसटीत बसवून दिलं. इकडं आली तर वहिनी अंथरुणाला खिळलेली. वहिनी गेली, आणि ही दोन पोरं चांगुणाच्या पदरात पडली. तिनं ती पोटच्यासारखी वाढवली. हनुमंत गुरुजी केव्हाच बदली करून निघून गेले होते. त्यांचं पुढं काय झालं ते तिनं कधी कुणाला विचारलं नाही. मनात येत नव्हतं असं नाही. रोज येत होतं.

तेही तिनं गिळलं असतं. पण गेल्या महिन्यात मोनिकाला मागणी घालायला पंकज आला. संगमनेरकडचा पोरगा, नगरच्या एमआयडीसीत चांगल्या नोकरीला, व्यसन नाही. मोनिकाची आणि त्याची दुकानातच ओळख झाली होती आणि दोघांचं मनातून ठरलेलं होतं. आईवडिलांना घेऊन रीतसर घरी आला. बायोडाटा दिला, त्यावर लिहिलेलं होतं, हिंदू कुणबी. आप्पासाहेबांनी चहापाणी केलं, कांद्याच्या बाजारभावाच्या गप्पा मारल्या, आणि गाडी फाट्याकडं वळल्यावर म्हणाले, "पोरगं वाईट न्हाई. पन सोयरीक आपल्यातच झाली पायजे."

"आपल्यात म्हंजी?" चांगुणानं विचारलं होतं.

"आपल्यात म्हंजी आपल्यात," ते म्हणाले.

मोनिकाचा बायोडाटा त्यांनी आधीच छापून आणला होता, त्यावर ठळक अक्षरात शहाण्णव कुळी मराठा. करणचा कुणब्याचा दाखलाही त्याच कपाटात, त्याच फायलीत. रात्रीतून त्या दोन कागदांची मारामारी झाली नाही हेच नवल. मोनिका त्या दिवसापासून धड जेवत नव्हती. चांगुणा तिच्या ताटाकडं बघायची आणि तिचा जीव तुटायचा, कारण असं ताट तिनं स्वतः एकदा बाजूला सारलेलं होतं.

म्हणून तिनं ठरवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात असं काहीतरी होतं ज्याची दादाला भीती वाटत होती. एकच शब्द, पण तो तिच्या तोंडून यायचा होता. त्याच्या बदल्यात ती मोनिकाचं लग्न मागणार होती.

दहाच्या सुमाराला स्कूटी दारात थांबली. डोक्याला स्कार्फ, खांद्याला पिशवी, हातात मोबाईल. "मी प्रज्ञा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, या भागाचं काम माझ्याकडं आहे," आलेली बाई म्हणाली.

"या, या मॅडम. मोनिका, च्या टाक गं! आडनाव काय म्हनायचं?"

"सगळे प्रज्ञा मॅडमच म्हणतात."

"व्हय, पन कुनापैकी तुमी?"

प्रज्ञा हसली. "आज हे विचारायचं काम माझं आहे, आप्पासाहेब. तरी सांगते. आम्ही बौद्ध. आमच्या आजोबांनी एकदा सांगितलं, ते आम्ही पुन्हा बदललं नाही."

"बरं, बरं," आप्पासाहेब म्हणाले, आणि मघाशी मोठ्यानं सांगितलेल्या चहाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मोनिकानंच तो आत जाऊन केला आणि सगळ्यांसारख्या कपात आणून दिला.

नावं झाली, वयं झाली, शिक्षण झालं, धर्म झाला. प्रज्ञा विचारायची, आप्पासाहेब सांगायचे, ती मोबाईलवर टिपून घ्यायची. मग ती म्हणाली, "आता जात."

"कुणबी," आप्पासाहेब एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की शेजारच्या गोठ्यातली म्हैसही फिरून बघायला लागली. "सगळ्या घराचं एकच लिवा."

"प्रत्येकाचं वेगळं विचारावं लागतं. करण?"

"कुणबी."

"चांगुणाबाई?"

चांगुणानं पदर नीट केला आणि भावाकडं वळली. "दादा, माजं सांगायच्या आदी तुमी एक सबूद द्या. मोनिकाचं लगीन त्या पंकजशी लावून देतो म्हना. हितं, मॅडमसमोर. मंग मी कुणबी सांगते. न्हाईतर मी मराठा सांगनार."

मोनिकाच्या हातातला ट्रे तसाच राहिला. आप्पासाहेबांचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं.

"येड लागलं का तुला? पोराचं वाटोळं करतीस?"

"पोरीचं व्हतंय त्ये दिसत न्हाई का? तुमी आता कुणबी झाला. मंग कुणब्याची लेक कुणब्याच्या घरात गेली, तर बिघडलं कुटं?"

"ते कागदावरचं हाय! दाखल्यापुरतं!"

प्रज्ञाला राहवलं नाही. "आप्पासाहेब, एक सांगू का? इथं सांगितलेलं बाहेर कुणाला कळत नाही. दाखल्याशी, पडताळणीशी याचा काही संबंध नसतो."

बाईनं चांगल्या मनानं चांगुणाच्या हातातलं होतं नव्हतं ते काढून घेतलं होतं. पण आप्पासाहेब हात झटकून म्हणाले, "तुमाला तसं सांगायला लावत्यात, मॅडम. आमी काय दूधखुळं न्हाई." भावाचं अडाणीपण चांगुणाला जन्मात पहिल्यांदा इतकं गोड वाटलं.

ते मिशीवरून हात फिरवायला लागले. चांगुणा त्यांना चांगली ओळखत होती, असा हात फिरायला लागला की माणूस वाकायच्या बेतात असतो. आता म्हणतील, तिला वाटलं. आता व्हय म्हणतील.

तेवढ्यात करण म्हणाला, "आप्पा, तुम्ही घाबरता कशाला? आत्याचं नाव तर कर्जतच्या घरचं हाय. लग्न झाल्यावर तिला आपल्या कुळात धरतच न्हाईत. तिनं काय बी सांगितलं तरी माझ्या दाखल्याला काय व्हत न्हाई. सांगू द्या की तिला मराठा."

तो हे चिडून बोलला नव्हता, रागानं नव्हे, काही नव्हे. हिशेब करून टाकल्यासारखं बोलला आणि परत मोबाईलमध्ये गेला. तेच चांगुणाला लागलं. याला ताप आला की रात्र रात्र मांडीवर घेऊन बसणारी ती, आणि तिला कुणाच्या कुळात धरतच नाहीत.

आप्पासाहेबांचा चेहरा मात्र खुलला. "च्यायला, खरंच की! मॅडम, लिवा. हिचं मराठाच लिवा." मग त्यांना आणखी एक सुचलं आणि ते खुर्चीत पुढं सरकले. "आन् मोनिकाचंबी मराठा लिवा. तिचं अजून जमवायचं हाय, उगं नाट नको. आमी बापल्योक तेवढं कुणबी."

"एकाच घरात वडील कुणबी आणि मुलगी मराठा?" प्रज्ञानं विचारलं.

"चालतं का न्हाई ते सांगा."

"तुम्ही सांगाल ते मी लिहायचं. पण त्यांचं त्यांनी सांगायला हवं."

चांगुणाच्या आता ध्यानात आलं. काय करून बसलो आपण! पोरीला सोडवायला म्हणून जो शब्द तिनं जपून आणला होता, त्याचंच कुलूप करून भावानं पोरीच्या दाराला लावलं होतं. सवलत बापलेकांनी घ्यायची आणि घराण्याची अब्रू बायकांनी सांभाळत बसायची, असली वाटणी त्याला सुचली, आणि सुचवली कुणी तर तिनंच. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला झालं.

"मोनिका ताई?" प्रज्ञानं विचारलं.

मोनिकानं बापाकडं पाहिलं, मग खाली फरशीकडं. "आप्पा म्हणतील ते लिहा," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता, की प्रज्ञाला पुढं वाकावं लागलं. चांगुणाला नाही वाकावं लागलं. ते उत्तर तिला पाठ होतं.

"थांबा मॅडम," ती म्हणाली. "तिचं लिवू नका आजून. माजं आदी हुद्या. माजं कुणबी लिवा."

"आता कशी वळनावर आली," आप्पासाहेब हसले. "पन आता तुझी गरज न्हाई. ऱ्हाऊ दे मराठा."

"तुज्यासाठी सांगत न्हाई मी." भावाला ती जन्मभर तुमी म्हणत आली होती, आणि तोंडून तू गेलं ते तिला कळलंसुद्धा नाही. "मॅडम, माजी सुपारी फुटली हुती. हनुमंत गुरुजींशी. कुणबी मानूस हुता. चार बायांनी माजी वटी भरली, मी त्याच्या नावानं पाटावर बसले. ह्यानं ती सोयरीक मोडली. मी न्हाई मोडली. मंग मला ज्या घरात ढकललं, तितनं मला हाकलून दिलं. हितं आले, तर आता कळलं, मी हितली बी न्हाई. इतक्या वर्सांत मला कुनी इचारलं न्हाई, का बाई, तू कोन? आज तुमी इचारलंय. मी कुणब्याची हाय. लिवा."

हनुमंत गुरुजींचं नाव त्या घरात एवढ्या वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. पोरांना तर ते माहीतच नव्हतं. करणनं मोबाईल खाली ठेवला. मोनिका आत्याकडं बघतच राहिली.

आप्पासाहेब उठले, खुर्ची मागं पडली. "लाज न्हाई वाटत? ह्या वयात परक्या मानसाचं नाव घेतीस? मराठ्याच्या घरात ऱ्हायचं, मराठ्याचं खायाचं, आन् कुणबीन म्हनून मिरवायचं? चालती हो हितनं! मराठ्याच्या घरात असली थेरं चालायची न्हाईत!"

चांगुणा जागची हलली नाही. मागं सरकायला तिला जागाच उरली नव्हती.

प्रज्ञानं मोबाईलवर बोट धरून ठेवलं होतं. वर्गात पोरांचं उत्तर पक्कं करून घ्यावं तशा साध्या आवाजात तिनं विचारलं, "आप्पासाहेब, तुमचं मघाशी मी कुणबी लिहिलंय. बदलून मराठा करू का?"

आप्पासाहेबांनी करणकडं पाहिलं. करणही त्यांच्याकडंच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पडताळणी, भरती, रोज पहाटेचं पळणं, सगळं उभं होतं. रस्त्यावरून कांद्याचा एक ट्रॅक्टर गेला.

"ऱ्हाऊ द्या," आप्पासाहेब म्हणाले.

"नक्की?"

"म्हनलं ना ऱ्हाऊ द्या. लिवलंय तसं ऱ्हाऊ द्या." आणि ते पडलेली खुर्ची न उचलता ओट्याच्या कडेला खाली बसले. एवढा आडदांड माणूस, पण बसला तेव्हा एकदम म्हातारा दिसला. चांगुणाला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला.

"मॅडम," मोनिका म्हणाली. "माझं लिहिलं का?"

"नाही अजून."

"आत्याचं लिहिलं तेच माझं लिहा."

ती बापाकडं बघून बोलली नाही, पण खाली मानही घातली नाही. आप्पासाहेबांनी ते ऐकलं. सकाळी त्यांनीच तिच्याकडून घोकून घेतलेला तो शब्द होता, आणि सगळ्या घराचं त्यांना हवं होतं तसं एकच लिहिलं जात होतं. तरीही आपलं घर लुटलं गेल्यासारखे ते समोरच्या वावराकडं बघत राहिले. पोरगी आता थांबायची नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

प्रज्ञानं राहिलेले प्रश्न पटापट विचारून घेतले आणि उठली. स्कूटीपर्यंत गेल्यावर तिनं मागं वळून चांगुणाला नमस्कार केला आणि ती पुढच्या वस्तीकडं निघून गेली.

चांगुणाला आनंद वगैरे काही झाला नव्हता. संध्याकाळी या घरात आपलं ताट वाढलं जाईल की नाही याची तिला खात्री नव्हती. दादा पोरीला घरात कोंडून घालील, की भावकी गोळा करील, की नुसता अबोला धरून मारील, यातलं काहीही होऊ शकत होतं. मोनिकानं ट्रे ठेवला, जवळ येऊन उभी राहिली आणि हळूच विचारलं, "आत्या, कसे होते गं गुरुजी?"

चांगुणानं भावाच्या पाठीकडं एकदा पाहिलं. मग तो ऐकेल एवढ्या आवाजात तिनं सांगायला सुरुवात केली.